दिवाळी अंकाची राणी

२० ऑगस्ट १९६१, मद्रास

काल राजगोपालनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यंदाच्या दिवाळी अंकाचं कव्हर मी ठरवायचं. अंक खपला तर जानेवारीपासून 'अलंकृता'ची संपादक मी. नाही खपला तर विणकामाचं आणि लोणच्यांचं पान पुन्हा माझ्या गळ्यात. हे दुसरं त्यांनी हसत हसत सांगितलं, पण मालक लोक हसून सांगतात तेच खरं असतं. चार वर्षं मी या इंग्रजी मासिकात ब्लाउजच्या गळ्यांवर मजकूर लिहिते आहे. कोल्हापूरची बी.ए. झालेली मुलगी मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत येऊन गळ्यांचे आकार मोजते, हे आईला अजून कळवलेलं नाही.

कव्हरवर कोण, ते मला ऐकताक्षणी सुचलं. राणी! फेब्रुवारीत इंग्लंडची राणी मद्रासला येऊन गेली तेव्हापासून इथल्या बायकांना दुसरं काही दिसत नाही. हातमोजे घालून भाजीला जायच्याच काय त्या राहिल्यात.

२३ ऑगस्ट

मूर मार्केटातून लंडन-पॅरिसची जुनी फॅशन मासिकं उचलून आणली आणि जमिनीवर पसरून बसले. नवऱ्याला, व्यंकटरावांना, ताट मांडायला जागा उरली नाही. ते उभ्या उभ्या इडली खाऊन ऑफिसला गेले. त्यांचं एक बरं आहे, तक्रार करत नाहीत.

शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तीस-चाळीस सालच्या कव्हरांवर राण्या चितारलेल्या असत. मान वीतभर लांब, बोटं निमुळती, आणि नाक चित्रकाराच्या पसंतीचं. एकच नाक मी तीन देशांच्या राजकन्यांना लावलेलं पाहिलं. पुढे फोटो आले तरी चाल तीच राहिली. बाकी कुणाच्याही डोक्यावरून मासिकाचं नाव बिनदिक्कत छापतात, राणी असली की नाव मुकुटामागे जातं. दात दाखवत नाहीत. आपल्या महाराण्या छापल्या तर शिफॉन, मोती, आणि मागे हटकून एखादा पगडीवाला नोकर, म्हणजे वाचकाला देश कळावा.

पण सगळ्यात मोठी खूण डोळ्यांची. नटी कव्हरवरून थेट वाचकाच्या डोळ्यांत बघते. राणी बघत नाही. ती आपल्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघते, तिथे तिचं काहीतरी हरवल्यासारखं. हे मी वहीत लिहून घेतलं.

२ सप्टेंबर

खऱ्या महाराण्या मिळेनात. राजगोपालनी दोघींना विचारलं. एकीने उत्तर दिलं नाही, दुसरीच्या सेक्रेटरीने आमचं मासिक कुठे मिळतं असं विचारलं. राजगोपाल म्हणाले, एखादी नटीच नटवा. मी नाही म्हटलं. नटवलेली राणी शंभर पावलांवरून ओळखू येते.

आणि आज सकाळी राजसबाई नळावर कळशी भरत होती. डोक्यावरचा पदर सावरण्यासाठी तिने मान जराशी वळवली, आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. राणी घरातच पाणी भरते आहे!

राजसबाई ही व्यंकटरावांची धाकटी बहीण. तंजावराकडच्या एका मराठा जहागिरीत दिली होती, लग्नात हत्ती होता म्हणे. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. सासरे जनकोजीराव यांनी तिला भावाकडे धाडलं आणि नात ठेवून घेतली. तिचं नाव सई, आता सहा वर्षांची. गेल्या दिवाळीपासून राजसबाईने तिला पाहिलेलं नाही. जनकोजीरावांनी आता निरोप पाठवलाय की सून घराण्याच्या विधवेच्या रीतीने राहते आहे, तिच्याबद्दल वावगं ऐकू आलेलं नाही, तेव्हा या दिवाळीला मुलीला मद्रासला आईजवळ आणि शाळेत पाठवू. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. राजसबाई फ्रॉक शिवते. माप कुठलं? शेजारच्या अलमेलूच्या मुलीला उभी करून अंदाजाने. सगळे फ्रॉक दोन बोटं लांब ठेवते. मुलगी वाढली असेल, म्हणते.

पांढरी साडी, मोकळं कपाळ, मोकळी मान. लंडनच्या राण्याही पांढरंच नेसतात. मोत्यांची एक सर घातली की काम झालं.

३ सप्टेंबर

आधी नाही म्हणाली. हिचं मराठी म्हणजे अर्धी बखर आणि अर्धं तमिळ, त्यामुळे नकारसुद्धा दरबारात दिल्यासारखा वाटतो. विधवेचं चित्र छापतात काय, सासऱ्यांस कळलं तर काय, वगैरे.

मी जबरदस्ती मुळीच केली नाही. फक्त एवढंच म्हटलं की सई आली की दोन खोल्यांत आपण चार माणसं होणार, आणि मी अजून त्यावर नीट विचार केलेला नाही. मी संपादक झाले तर मोठं घर बघता येईल. न झाले तर बघावं लागेल कसं जमतं ते. व्यंकटराव पेपरात तोंड घालून बसले होते. त्यांनी पान उलटलं.

राजसबाई बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "सरी, बरें. पण कुंकू नको, वैनी. आणि साडी हीच, पांढरी. मज शब्द द्या."

मी शब्द दिला. त्यात काय मोठंसं? पांढरं तर मलाच हवं होतं.

१७ सप्टेंबर

आज माउंट रोडवर अनंतकृष्णच्या स्टुडिओत फोटो काढले. हा आमचा नेहमीचा फोटोग्राफर, मान खाली घालून काम करणारा. पदर हलतो म्हणून पंखा बंद, दिव्यांनी जीव नकोसा झाला. राजसबाईने त्याच्यासमोर पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं की कुंकू नाही. जशी काही मी बाटली घेऊन बसले होते.

बाकी सगळं जमलं. मान सुरेख, पदराची कड सुरेख, मोती तर असे बसले की वाटावं जन्मापासून गळ्यात आहेत. घोडं पेंड खायला लागलं ते नजरेपाशी. ही बया सरळ कॅमेऱ्यात बघायची आणि हसायची. दात दाखवून! मी सांगून थकले. पलीकडे बघ, भिंतीकडे बघ, समुद्र आहे समज. मान डोलवायची आणि परत तेच.

"चित्र सई पाहील, नव्हे?" म्हणाली. "मग मी तिजकडेच पाहते आहे."

अनंतकृष्ण फोटोच्या प्लेटी वाया घालवत होता. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी त्याला तयार राहायची खूण केली आणि अगदी सहज, बॅग आवरता आवरता म्हणाले, "राजसबाई, सकाळी जहागिरीहून निरोप आलाय. सई येणार नाही. आता कधीच पाठवायची नाही असं ठरलंय त्यांचं."

काय नजर मिळाली! हसू पुसलं गेलं, ओठ मिटले, डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि तिथेच राहिले. मूर मार्केटातल्या एकाही राणीला ती साधलेली नाही. अनंतकृष्णच्या हातून क्षणभर काही होईना, मला त्याला ओरडावं लागलं. मग त्याने दोन प्लेटी घेतल्या.

मी लगेच सांगून टाकलं, अगं गंमत केली, कव्हरसाठी. तिला हसायला जरा वेळच लागला. माझा हात घट्ट धरून "गंमतच नव्हे? खरेंच गंमत?" असं विचारत राहिली. बसमध्येही विचारलं. पार्थसारथीच्या देवळाजवळ उतरलो तिथेही. शेवटी मी वैतागले. माणसाला थोडी विनोदबुद्धी नको?

२५ सप्टेंबर

फोटो टेबलावर ठेवला आणि राजगोपालनी चष्मा काढून पुसला. आधी खूश झाले, मग तोंड वाकडं केलं. पांढरी साडी, ओकं कपाळ, आणि दिवाळी अंक? एजंट गठ्ठे बांधलेले तसेच परत फेकतील म्हणाले, सुतकाचा अंक काढताय का?

त्यांचंही बरोबर आहे. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. आमचे फोटो काळे-पांढरे काढतात आणि मग कव्हरसाठी हाताने रंगवतात. म्हणजे साडीचा रंग ठरायचा असतोच. राजसबाईला हे ठाऊक नाही, तिला वाटतं फोटोत जे नेसली तेच छापतात.

दुपारी अनंतकृष्णकडे गेले. साडी त्याने अरक्कू केली, म्हणजे इथल्या बायकांचा आवडता लाखेसारखा गडद तांबडा. जर काढली. ओठांवर किंचित रंग. कपाळापाशी आला आणि ब्रश ठेवून दिला. म्हणाला, "अम्मा, त्यांनी माझ्यासमोर तुमच्याकडून शब्द घेतलाय."

मी त्याला समजावलं की शब्द राजसबाईच्या कपाळाबद्दल होता. तिच्या कपाळाला कोण हात लावतंय? हा कागद आहे. त्याने ब्रश उचलला नाही, हात धुवायला निघून गेला. या लोकांचा स्वभाव फार हळवा.

मग मीच लावलं कुंकू. पहिला ठिपका जरा डावीकडे गेला, तो मध्ये आणता आणता मोठा झाला. पण शोभला. खरं सांगायचं तर माझा हात इतका सुबक चालेल असं मलाच वाटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

नवरात्र. आमच्या घरी इथल्या पद्धतीने पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या. सगळ्या गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. राजसबाई अर्थात स्वयंपाकघरात, दार लोटून. सुंडल करून देत होती, हरभऱ्याचं, भरपूर खोबरं घालून. सुंडल कुणी केलं म्हणून सगळ्यांनी विचारलं आणि केलं कुणी ते कळल्यावर समोरच्या वसंताच्या सासूने द्रोण हळूच खाली ठेवला. मला हसू आवरेना. आणखी दहा दिवसांनी हीच बाई तिचं चित्र भिंतीवर लावणार आहे.

बायका गेल्यावर राजसबाई बाहेर आली. बाहुल्यांमधल्या छोट्या लाकडी राणीला उचलून विचारत होती, सई येईपर्यंत एवढी एक मांडलेली ठेवू का? मी म्हटलं ठेव. मी काही राक्षस नाही.

रंगाबद्दल तिला अजून बोलले नाही. छापून आल्यावर बघेलच.

२४ ऑक्टोबर

अंक आला! 'अलंकृता'तली पहिली तीन अक्षरं तिच्या पदरामागे गेलीत, अगदी लंडनसारखी. आत एका ओळीत लिहिलंय, तंजावर प्रांतीच्या एका मराठा घराण्याची राणी राजसबाई. नाव घालू नये असं ती म्हणाली होती खरं, पण नावाशिवाय राणी कुठली? माउंट रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात ओळीने वीस-वीस राजसबाया टांगल्या होत्या. मी रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं, मग परत अलीकडून बघितलं.

राजगोपालनी ऑफिसात पेढे वाटले. मी तिथूनच एक अंक जहागिरीवर पोस्टाने धाडला, सईच्या नावाने. 'तुझ्या आईकडून दिवाळीची भेट' असं वर लिहिलं. आई भेटण्याआधी आईचं चित्र! मुलगी किती हरखेल.

संध्याकाळी घरी अंक राजसबाईच्या हातात दिला आणि काय म्हणते म्हणून समोर बसले. तिने बघितलं. स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं लाजली. आत जाऊन पाहते तो पदराचं टोक पाण्यात भिजवून कव्हरवरचं कपाळ पुसत होती. गुळगुळीत छपाई, जातंय कशाला? पुसत राहिली, शेवटी कागद फाटला आणि कपाळाच्या जागी भोक पडलं.

मग म्हणाली, हात जोडून, "वैनी, एवढें करा. हें तिकडे जाऊं देऊं नका."

मी म्हटलं, तंजावरच्या खेड्यात इंग्रजी मासिक कोण वाचतंय? ते ऐकून तिला जरा धीर आला. पोस्टाचं बोलले नाही. बोलून उपयोग काय होता? टपाल गेलेलं होतं.

१ नोव्हेंबर

अंक संपला. एजंटांच्या तारा येताहेत. दुसरी आवृत्ती छापायला घेतली.

गल्लीतल्या बायका आता राजसबाईला बघायला येतात आणि दारातूनच परत जातात. वसंताच्या सासूने मला विचारलं की तुमच्या नणंदेने दुसरं लग्न केलं काय? मी म्हटलं अहो चित्र ते! ती म्हणाली, चित्रात कुंकू आपोआप येतं काय? बाईची जीभ फारच सैल आहे. चित्र मात्र तिने खरंच लावलंय, कृष्णाच्या शेजारी.

राजसबाईने सातवा फ्रॉक संपवला.

७ नोव्हेंबर, दिवाळी

सई काल संध्याकाळच्या गाडीने येणार होती. व्यंकटराव एग्मोर स्टेशनवर जाऊन आले, एकटेच आले. आज पहाटेपासून फटाक्यांनी कान किटले. राजसबाईने अभ्यंगासाठी दोन वाट्यांत तेल कोमट करून ठेवलं होतं, एक मोठी, एक लहान. लहान वाटी गार झाली की परत निखाऱ्यावर ठेवायची. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी मीच ते तेल दिव्यात ओतलं.

राजगोपालकडे फराळाला गेलो होतो. छान माणसं आली होती. सगळ्यांनी विचारलं, ती नजर तुम्ही कशी मिळवलीत? मी म्हटलं ते आमचं गुपित.

८ नोव्हेंबर

आधी चांगली बातमी. राजगोपालनी घरी गाडी पाठवून पत्र दिलं. जानेवारीची वाट बघायची नाही, पुढच्या अंकापासून संपादक मी. पोंगलच्या अंकाला दुसरी राणी हवी म्हणतात. आईला आता लिहायला हरकत नाही.

ते पत्र मी व्यंकटरावांना वाचून दाखवत होते तेवढ्यात जहागिरीचे कारभारी गुरुमूर्ती दारात आले. म्हातारा माणूस, जुना रिवाज. ओट्यावर बसले, आत आले नाहीत. पाणी दिलं, त्याला हात लावला नाही. व्यंकटराव उभेच राहिले. राजसबाई दाराआड येऊन थांबली. तिच्या हातात सगळ्यात वरचा फ्रॉक होता, निळा. मुलगी मागून टांग्यात असेल असं तिला वाटलं असावं, ती रस्त्याकडे बघत होती.

कारभाऱ्यांनी पिशवीतून आमचा अंक काढून ओट्यावर उपडा ठेवला, चित्र खाली. त्याला भेटीचं पाकीट तसंच टाचलेलं होतं, वर माझं अक्षर. व्यंकटरावांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. चांगल्या हेतूने पाठवलेल्या भेटीचं असं कुणी करील हे मला काय ठाऊक?

निरोप थोडक्यात होता. जिने पुन्हा कुंकू लावलं तिचा या घराण्याशी संबंध उरला नाही. मुलगी येणार नाही. आता नाही, पुढेही नाही. व्यंकटराव म्हणाले, अहो ते रंगवलेलं आहे, बहिणीने लावलेलं नाही. कारभारी म्हणाले, धन्यांनी तेही ऐकून घेतलं होतं, कोणीतरी सांगितलं होतं. पण सगळ्या मुलखाने पाहिलं, आता रंग कुणाचा हे विचारत कोण बसतंय?

मग ते दाराकडे वळून जरा हलक्या आवाजात म्हणाले, "बाईसाहेब, लेकरास सांगितलें कीं तुझी आई दुसरें लग्न करून गेली. आधीं रडलें, मानीना. मग हें चित्र दाखविलें. चित्र पाहून तीस पटलें."

ते उठले, अंक तिथेच ठेवून गेले. आता आम्ही तिघंच. व्यंकटराव भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं राजसबाई आता आकांत करणार, गल्ली गोळा होणार, माझं पत्र हातात, आणि आजच हे सगळं. पण ती रडली नाही. फ्रॉकची घडी नीट केली, बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"वैनी," म्हणाली, "आतां म्हणा."

मी म्हटलं, काय म्हणू?

"त्या दिवशीं म्हटलेंत, तसेंच. गंमत केली म्हणून."

मला क्षणभर आठवेना ती कशाबद्दल बोलते आहे. मग स्टुडिओतली ती गंमत आठवली. ती वाट बघत थांबली होती, ओठ किंचित उघडे, हसायला तयार असल्यासारखी, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. हलेचना. पोंगलच्या अंकासाठी हिलाच पुन्हा बसवावं असं सकाळपासून माझ्या मनात होतं, पण आता नको. ही नजर कव्हरला चालायची नाही.